प्रतिपालक कुटुंबाच्या पाठीशी
बेहाला परिसराच्या निमित्ताने स्वयंसेवेच्या एका वेगळ्या वाटेची ओळख

२०२० सालची दुर्गापूजा करोनाच्या सावटाखाली पार पडली. त्या वर्षी कोलकात्याच्या दक्षिण-पश्चिमेकडील बेहाला उपनगरातील बारिशा क्लबच्या मंडपात बसविलेल्या मूर्तीची चर्चा देशभर झाली. शिल्पकार पल्लव भौमिक यांनी घडविलेल्या त्या दुर्गेला टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या स्थलांतरित मजूर मातेचे रूप देण्यात आले होते. तिच्या कडेवर उघड्या अंगाचे मूल होते. त्या मूर्तीसमोर हात जोडताना अनेकांचे डोळे पाणावले.

मूर्तीतील मातेने आपले मूल कडेवर सांभाळले आहे. प्रत्यक्षात सर्वच मातापित्यांना ते साधतेच असे नाही. दीर्घ आजार, मृत्यू, तुरुंगवास, व्यसनाधीनता, पोटासाठी दूरदेशी जावे लागणे अशा अनेक कारणांनी मूल आणि घर यांची ताटातूट होते. अशा मुलाची रवानगी बालगृहात करणे हाच एक मार्ग आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. तथापि, त्याला दुसऱ्या एखाद्या घराची ऊब काही काळापुरती मिळवून देण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. या व्यवस्थेला ‘प्रतिपालकत्व’ असे म्हणतात. ‘फॉस्टर केअर’ या नावानेही ती ओळखली जाते. मूल घरात घेणे प्रत्येकाला शक्य नसते. परंतु ज्या घराने ते घेतले आहे, त्या घराच्या पाठीशी उभे राहणे कितीतरी लोकांना शक्य असते. या साहाय्याचे स्वरूप काय आणि बँकेशी संबंधित व्यक्तींना त्यात विशेष कोणते काम करता येईल, याचा परिचय येथे करून दिला आहे.

दत्तक आणि प्रतिपालकत्व

या दोन्हींची नेहमी गल्लत होते. दत्तकविधानाने मुलाचे जन्मदात्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपुष्टात येते आणि नव्या कुटुंबात त्याला पोटच्या अपत्याचे सर्व हक्क, वारसाहक्कासह, प्राप्त होतात. प्रतिपालकत्वात असे काही घडत नाही. मुलाचे नाव, आडनाव, जन्मदात्यांशी असलेले नाते, सारे जसेच्या तसे राहते. प्रतिपालक कुटुंब ठरावीक काळापुरती त्याच्या अन्न-वस्त्राची, शिक्षणाची, आरोग्याची आणि मायेची जबाबदारी स्वीकारते. मूळ घराची घडी पुन्हा बसली की मुलाने तेथे परत जावे, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू असतो.

यामुळेच हे काम अवघड आहे. दत्तक घेणाऱ्या मातेला मूल आपलेसे करायचे असते. प्रतिपालक मातेला ते आपलेसे करून वेळ आली की परत पाठवायचेही असते. मूल सुखरूप स्वगृही गेले म्हणजे तिचे काम यशस्वी झाले. मात्र, त्या दिवशी तिचे घर सुने होते. या मातेचे मन जाणणारे कोणीतरी जवळ असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

कायद्याची चौकट

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या विषयाचा मुख्य आधार होय. संस्थेत ठेवणे हा मुलासाठी शेवटचा उपाय असावा, हे या कायद्याच्या मूलभूत तत्त्वांपैकी एक तत्त्व आहे. कायद्याच्या कलम ४४ मध्ये प्रतिपालकत्वाची, तर कलम ४५ मध्ये प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलाला त्याच्याच घरी ठेवण्यासाठी द्यावयाच्या आर्थिक साहाय्याची, तरतूद आहे.

मूल कोणत्या घरी ठेवावे याचा निर्णय बालकल्याण समिती घेते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असून त्यांत किमान एक महिला असणे बंधनकारक आहे. कुटुंबाची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहून निवड केली जाते. भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, असे कायदा सांगतो. मुलाच्या हिताला बाधक नसेल तर जन्मदात्या मातापित्यांना ठरावीक काळाने मुलाला भेटता येते. समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा पाहणी करावी, असेही कायद्यात नमूद आहे. समितीने दत्तक देण्यास योग्य मानलेले मूल दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देता येत नाही. म्हणजेच ज्याला कायमचे घर मिळण्याची शक्यता आहे, त्याला तात्पुरत्या घरात अडकवून ठेवू नये, ही दक्षता कायद्याने घेतली आहे.

केंद्र सरकारने २०१६ साली यासंबंधी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०२४ साली त्यांत महत्त्वाचे बदल केले. पूर्वी प्रामुख्याने विवाहित दांपत्यांचाच विचार होत असे. सुधारित तत्त्वांनुसार अविवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा विभक्त राहणाऱ्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. मात्र एकट्या पुरुषाकडे केवळ मुलगाच सोपविला जातो. मूल कायद्याने दत्तकयोग्य ठरले आणि ते त्या कुटुंबात रुळले असेल तर दत्तकाचा विचार करण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागत असे. आता तो कालावधी दोन वर्षांवर आला आहे.

घरच का हवे?

बालगृहात मुलाला अन्न, वस्त्र, निवारा, शाळा हे सर्व मिळते. मग घराचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. याचे एक उत्तर रुमानियातील अभ्यासाने दिले आहे. राजधानी बुखारेस्ट येथे २००० साली सुरू झालेल्या या अभ्यासात अनाथालयांतील १३६ लहान मुलांचा समावेश होता. त्यांपैकी निम्म्या मुलांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवून दोन्ही गटांच्या वाढीची अनेक वर्षे तुलना करण्यात आली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक आणि भावनिक वाढ अधिक चांगली झाल्याचे आढळले. विशेषतः वयाच्या दुसऱ्या वर्षापूर्वी ज्यांना घर मिळाले, त्यांच्यात हा फरक अधिक स्पष्ट दिसला. रडल्यावर दर वेळी तेच ओळखीचे माणूस धावून येणे, ही लहान मुलाच्या मेंदूचीही गरज असते. पाळ्यांमध्ये बदलणाऱ्या कर्मचारीवर्गाकडून, त्यांची कितीही इच्छा असली तरी, ती पूर्ण होणे कठीण असते.

दुसरे उत्तर बेहाला परिसराच्या अगदी जवळ सापडते. डायमंड हार्बर रस्त्याने ठाकुरपुकुर, जोका ओलांडून पुढे गेले की पैलानजवळील दौलतपूर येथे ‘चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट’ म्हणजेच ‘सिनी’ या संस्थेचे केंद्र लागते. बालरोगतज्ज्ञ डॉ. समीर चौधुरी आणि सिस्टर पॉलीन प्रिन्स यांनी १९७४ साली हे कार्य सुरू केले. कुपोषित बालकावर उपचार करून त्याला घरी पाठविले आणि घरची स्थिती तीच राहिली, तर ते पुन्हा त्याच अवस्थेत परत येते, हा तेथील अनुभव होता. म्हणून संस्थेने पोषण पुनर्वसन केंद्रात बाळाबरोबर मातेलाही ठेवून घेण्याची आणि स्थानिक, परवडणाऱ्या धान्य-भाजीतून सकस आहार करावयास शिकविण्याची पद्धत स्वीकारली. पुढे आरोग्य आणि पोषणाच्या जोडीला शिक्षण आणि बालसंरक्षण ही क्षेत्रेही संस्थेने कामात घेतली. मूल सुधारायचे तर त्याचे घर सावरले पाहिजे, हे सूत्र जसे कुपोषणाला लागू पडते, तसेच ते प्रतिपालकत्वालाही लागू पडते.

चार हजार रुपयांचा प्रवास

२०२२ पासून ‘मिशन वात्सल्य’ या योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालकत्वातील किंवा प्रायोजकत्वातील प्रत्येक मुलामागे दरमहा रु. ४,००० साहाय्य देण्याची तरतूद आहे. प्रायोजकत्वासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात रु. ७२,००० आणि अन्यत्र रु. ९६,००० इतकी ठेवण्यात आली आहे. ही रक्कम हातोहात मिळत नाही. ती बँक खात्यात जमा होते. बँकेच्या ग्राहकाला आणि कर्मचाऱ्याला या विषयात विशेष स्थान आहे ते याच कारणाने.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पून पाहावा. बेहालामधील एखाद्या गल्लीत चार घरची धुणीभांडी करणारी एक प्रौढ स्त्री राहते. बहिणीच्या निधनानंतर तिने दोन भाच्यांना आपल्या घरी आणले आहे. जन्मदाते वगळता इतर कुटुंबात मुलाला ठेवण्याची मुभा कलम ४४ मध्ये असल्याने मावशीचे घरही प्रतिपालक कुटुंब ठरू शकते. समितीचा आदेश होतो. त्यानंतर खऱ्या अडचणी सुरू होतात. मुलांचे जन्मदाखले गावी राहिलेले असतात. आधार कार्डावरील पत्ता जुना असतो. मावशीचे नाव शिधापत्रिकेवर एका तऱ्हेने आणि मतदार ओळखपत्रावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. बँकेत पालकत्वाचा पुरावा मागितला जातो, तेव्हा घडी घालून पिशवीत ठेवलेला समितीचा आदेशच तेथे दाखवायचा असतो, हे तिला ठाऊक नसते. एका कामासाठी तीन हेलपाटे म्हणजे तीन दिवसांचा रोज बुडतो. अखेर ती नाद सोडून देते. साहाय्य मंजूर असूनही घरी पोहोचत नाही. आणि दोन वाढत्या मुलांचा खर्च असह्य झाला की एके दिवशी तीच मावशी जड अंतःकरणाने मुलांना बालगृहाच्या दारात सोडून येते.

तिच्या मायेत काही उणे नव्हते. कागदांची जुळवाजुळव करणारे माणूस मिळाले असते तर ही मुले त्याच घरात वाढली असती.

बँकेचे नियम अशा कुटुंबांना बरेच साहाय्यभूत आहेत. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये अज्ञान व्यक्तींच्या खात्यांसंबंधी सुधारित सूचना दिल्या. त्यांनुसार कोणत्याही वयाच्या अज्ञान मुलाचे बचत खाते नैसर्गिक किंवा कायदेशीर पालकामार्फत उघडता येते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, बँकेने ठरविलेल्या मर्यादेत, स्वतःच्या सहीने खाते चालविण्याची परवानगीही बँक देऊ शकते. मूल सज्ञान झाल्यावर त्याची नव्याने नमुना सही घेतली जाते. ज्या प्रौढ व्यक्तीकडे अधिकृत कागदपत्रेच नाहीत, तिच्यासाठी ‘छोटे खाते’ हा पर्याय आहे. त्यात शिल्लक रु. ५०,००० पेक्षा अधिक ठेवता येत नाही, वर्षभरात एकूण जमा रु. १ लाखाच्या आत आणि महिन्यातील उचल रु. १०,००० च्या आत असावी लागते. एका मुलामागे दरमहा रु. ४,००० म्हणजे वर्षाला रु. ४८,००० होतात, दोन मुलांचे साहाय्य धरले तरी ते या मर्यादेत बसते. मात्र, हे खाते प्रथम बारा महिन्यांपुरतेच असते आणि कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास त्याची मुदत आणखी बारा महिने वाढते. त्या अवधीत कागदपत्रे पूर्ण करून देणे हे स्वयंसेवकाचे मोठेच काम ठरेल.

पश्चिम बंगालमधील मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१३ साली सुरू झालेल्या ‘कन्याश्री’ योजनेत शिकणाऱ्या, अविवाहित मुलीला तेराव्या वर्षापासून वार्षिक साहाय्य आणि अठराव्या वर्षी एकरकमी रु. २५,००० मिळतात. ही रक्कमही मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यातच जमा होते. घर बदलल्याने शाळा बदलली आणि शाळा बदलल्याने अर्ज राहून गेला, असे तिच्या बाबतीत होऊ नये.

स्वयंसेवकाने काय करावे?

कागदपत्रांखेरीज साहाय्याचे आणखी काही प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार अभ्यासाचा. घर बदललेले मूल बहुधा अभ्यासातही मागे पडलेले असते. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, तासभर त्याच्याजवळ बसणारे माणूस मिळाले तर वर्षअखेरीस फरक दिसू लागतो. येथे भाषेचा प्रश्न येतो. बेहालामधील मुलाची शाळा बहुधा बंगाली माध्यमाची असते. मराठी भाषक स्वयंसेवकाने गणित आणि इंग्रजी हे विषय घ्यावेत आणि बंगाली मात्र त्या मुलाकडूनच शिकावी. शिकविणाराही कोठेतरी शिकाऊ आहे, हे पाहून मुलाचा संकोच लवकर गळून पडतो.

दुसरा प्रकार विसाव्याचा. प्रतिपालक मातेलाही आजारपण असते, लग्नकार्य असते, कधी नुसते स्वस्थ बसावेसे वाटते. संस्थेच्या संमतीने आणि देखरेखीखाली एखादी दुपार मुलांना ग्रंथालयात, मैदानावर किंवा चित्रकलेच्या वर्गात गुंतवून ठेवले तरी तिला श्वास घेण्याइतकी उसंत मिळते.

तिसरा प्रकार जन्मदात्या कुटुंबाच्या साहाय्याचा. याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रुग्णालयात दीर्घ उपचार घेणाऱ्या आईची मुलाशी ठरलेल्या दिवशी भेट व्हावी, तिच्या औषधांत खंड पडू नये, वडिलांना काम मिळावे, घरभाड्याचा करार व्हावा, यांसाठी कोणी झटले तर मुलाचा परतीचा मार्ग मोकळा होतो. मूळ आईबापांना नावे ठेवणाऱ्या स्वयंसेवकाला मात्र हे काम कधीच साधणार नाही. मुलाचे त्यांच्यावर प्रेम असतेच. त्यांची निंदा मुलाला स्वतःची निंदा वाटते.

चौथा प्रकार अठराव्या वर्षानंतरचा. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी कायद्यात पश्चात-देखभालीची तरतूद आहे. पहिली नोकरी, पहिला पगार, भाड्याची खोली, आयुर्विमा, बचतीची सवय या बाबतींत घरच्या वडीलधाऱ्याने जे सांगावे, ते सांगणारे या तरुणांना बहुधा कोणी नसते. निवृत्त बँक कर्मचाऱ्याइतका योग्य सल्लागार त्यांना क्वचितच मिळेल.

बदलीची नोकरी आणि मुलाचा विश्वास

राष्ट्रीयीकृत बँकेच्या अधिकाऱ्याचे आयुष्य बदल्यांचे असते. पुणे-नागपूरहून कोलकात्याला बदली होऊन आलेले कुटुंब बेहाला किंवा जोका भागात बिऱ्हाड करते. डिसेंबर २०२२ मध्ये जोका-तारातला आणि मार्च २०२४ मध्ये माझेरहाटपर्यंत मेट्रो सुरू झाल्यापासून या भागातील जाणे-येणेही सोयीचे झाले आहे. ओळखी होतात, बंगाली थोडीफार समजू लागते, आणि तोच पुढील बदलीचा आदेश हाती पडतो.

प्रौढांना याची सवय होते. ज्या मुलाने एकदा आई, एकदा घर आणि एकदा शाळा गमावली आहे, त्याला मात्र आणखी एक माणूस निघून जाणे सोसत नाही. ‘मी दर रविवारी येईन’ असे सांगून चौथ्या रविवारी न येणारा स्वयंसेवक त्या मुलाला एकच गोष्ट शिकवून जातो, ती म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा नाही. त्यापेक्षा तो आलाच नसता तर बरे झाले असते, असे म्हणण्याची वेळ येते.

अमेरिकेत १९७७ साली सिअ‍ॅटल येथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी न्यायालयासमोर येणाऱ्या निराधार मुलांसाठी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमण्याची प्रथा सुरू केली. एका स्वयंसेवकाकडे एक-दोन मुलेच सोपवावीत आणि मुलाला स्थिर घर मिळेपर्यंत त्याने साथ सोडू नये, हे त्या पद्धतीचे मर्म आहे. वकील, समाजसेवक, शिक्षक, घर असे सारे बदलत असताना एक चेहरा तोच राहावा, एवढाच त्यामागील विचार होय.

आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी अस्तित्वात नाही. परंतु त्यातील विचार प्रत्येकाला अंगीकारता येतो. वर्षभरात बदली होण्याची शक्यता असलेल्याने मुलाशी जवळीक निर्माण होणारे काम न घेता कागदपत्रे, बँक खाते, योजनांचे अर्ज अशी पूर्ण करून देता येणारी कामे घ्यावीत. तीन वर्षे राहणाऱ्याने अभ्यासाचे काम घ्यावे, पण आपण केव्हा जाणार हे मुलाला आणि घरच्यांना पहिल्यापासून सांगून ठेवावे. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने पुढच्या स्वयंसेवकाला बरोबर न्यावे, ओळख करून द्यावी आणि निरोप घेऊनच निघावे. शाखेतील कार्यभार सोपविताना जी शिस्त पाळली जाते, तीच येथेही लागते. बेहालाचेच रहिवासी असलेले ग्राहक आणि निवृत्त कर्मचारी यांनी दीर्घकाळच्या सोबतीचे काम स्वीकारावे, हे स्वाभाविक होय.

काही पथ्ये

या कामात सद्भावना पुरेशी नाही. काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतात.

मुलाचे छायाचित्र काढू नये आणि ते कोणालाही पाठवू नये. मुलाची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा रु. २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वाढदिवसाचा केक कापताना मुलांसमवेत काढलेले छायाचित्र मोबाईलवरून गटात पाठविणे ही आता सर्रास आढळणारी गोष्ट आहे. परंतु त्यातून मुलाची उघड्यावर मांडामांड होते, याचे भान ठेवावे.

संस्थेच्या परवानगीशिवाय मुलाला एकट्याला कोठेही नेऊ नये किंवा आपल्या घरी आणू नये. पोलीस पडताळणी मागितली तर तो अपमान समजू नये. मुलाच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यकच आहे. भारी भेटवस्तू देऊ नयेत. घरात तीन मुले असताना एकालाच नवे दप्तर मिळाले तर उरलेल्या दोघांची मने दुखावतात आणि पालकांचीही अवघडलेली स्थिती होते. मुलाचा पूर्वेतिहास खोदून विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितल्यास शांतपणे ऐकावे आणि तो इतरांना सांगू नये. मात्र मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर मौन पाळणे अयोग्य आणि बेकायदेशीरही आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

सुरुवात कोठून करावी?

प्रत्येक जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष असतो. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्व यांचे काम त्याच्यामार्फत चालते. बेहालाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा भाग कोलकाता महानगरपालिकेत असला तरी त्याचे दोन्ही विधानसभा मतदारसंघ दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात गणले जातात. त्यामुळे आपला पत्ता कोणत्या जिल्हा कक्षाच्या आणि समितीच्या कक्षेत येतो, हे आधी विचारून घेतल्यास हेलपाटे वाचतील. संकटात सापडलेले मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली ही सेवा आता ‘मिशन वात्सल्य’ अंतर्गत शासनामार्फत चालविली जाते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी हा मार्ग अधिक परिचयाचा आहे. राज्यातील बाल संगोपन योजनेला २०२३ पासून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले असून मुलामागे दरमहा रु. २,२५० साहाय्य दिले जाते. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू करणाऱ्या आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला पुढे दत्तक घेणाऱ्या फुले दांपत्याची आठवण या नावाने जागी राहते. या योजनेचा लाभ घेणारी अनेक मुले आपल्या विधवा मातेकडे, आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडेच राहतात. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात याची माहिती मिळू शकते.

स्वयंसेवक म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. आठवड्यातील किती वेळ आपण निश्चितपणे देऊ शकतो? किती महिने किंवा वर्षे देऊ शकतो? आणि आपल्याला जमणारे नेमके काम कोणते? ही तीन उत्तरे कागदावर लिहून संस्थेच्या कार्यकर्त्याच्या हाती द्यावीत. मोठा शब्द देऊन अर्ध्यावर सोडण्यापेक्षा लहान शब्द देऊन तो पाळणे मुलाच्या दृष्टीने कितीतरी मोलाचे आहे.

आणि ज्यांना यांपैकी काहीही शक्य नाही, त्यांनाही एक गोष्ट करता येईल. शाखेच्या खिडकीसमोर समितीच्या आदेशाची चुरगळलेली प्रत हाती घेऊन एखादी मावशी किंवा आजी उभी राहिली, तर तिला ‘उद्या या’ असे न सांगता बसावयास खुर्ची द्यावी, कागद नीट वाचावा, काय कमी आहे ते तिला समजेल अशा भाषेत एका चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि शक्य असल्यास त्याच दिवशी खाते उघडून द्यावे. त्या खात्यात पहिले साहाय्य जमा झाले म्हणजे दोन मुलांची शाळा आणि दोन वेळचे जेवण त्याच घरात सुरू राहील.